दुपारचोराचा अभिप्राय

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. दाराला 'विश्रांती' अशी पाटी लटकते. गल्लीचा समज असा की काका त्या वेळात ताणून देतात. काकूंचा समज असा की मागच्या खोलीत बसून ते काचा घासतात. दोन्ही समज काकांनी स्वतः जोपासलेले आणि दोन्ही साफ खोटे. बावन्न वर्षांचा, डोक्यावर विरळ आणि पोटावर भरगच्च असा हा गृहस्थ ते तीन तास काचा घासायच्या मशीनशेजारी कॉम्प्युटर लावून गेम खेळत असतो. पत्त्यांचा डाव वगैरे नाही हं. तलवारी, गुहा, अंतराळयानं, सगळं.

बरं, नुसतं खेळून गप्प बसतील तर ते काका कसले! जिथे गेम विकत मिळतात त्या साइटवर ते अभिप्रायही लिहायचे. तिथलं त्यांचं टोपणनाव 'दुपारचोर'. लिहायचे असं चुरचुरीत की आधी शंभर, मग हजार, मग चाळीस हजार माणसं त्यांच्या मागे लागली. नवा गेम आला की लोक विचारायचे, "दुपारचोर काय म्हणतो?" आणि इकडे गिऱ्हाईक विचारायचं, "काका, माझी फ्रेम झाली का?" दुसऱ्या प्रश्नाला काकांचं उत्तर ठरलेलं होतं: "उद्या."

हे गुपित घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांना त्यातच खरी मजा वाटायची. चारचौघांत बावळट दिसायचं आणि आतून चाळीस हजारांचे लाडके असायचं, या सुखाची चटक भल्याभल्यांना लागते.

काकांच्या बहिणीची मुलगी, घरात सगळे तिला खारू म्हणत, गेम बनवण्याचंच काम करायची. पाच जणांची लहानशी टीम होती आणि चार वर्षं एकाच गेमला जुंपलेली होती. गेमचं नाव 'ओलं टपाल'. एक गाव पाण्याखाली गेलेलं असतं, लोक वरच्या मजल्यांवर राहत असतात आणि आपण पोस्टमन होऊन होडीतून त्यांच्या खिडक्यांत पत्रं टाकत हिंडायचं. खारू त्यातली माणसं आणि त्यांची पत्रं लिहायची. दर रविवारी ती मामाकडे जेवायला यायची आणि मामा तिला मुद्दाम विचारायचा, "त्यात ढिशुम ढिशुम असतं का गं?"

"नसतं रे मामा. पत्रं वाटायची असतात."

"मग जिंकतं कोण? पोस्टमास्तर?"

ती हसून हसून लोळायची. मामाला यातलं ओ की ठो कळत नाही, ही तिची पक्की समजूत होती. म्हणून तर तिला त्याच्याजवळ मोकळं बोलता यायचं. टीममध्ये बोललं तर वाद व्हायचा, आईजवळ बोललं तर काळजी सुरू व्हायची. मामा नुसता "बरं, बरं" म्हणायचा आणि पुढ्यात भाजी वाढायचा.

गेम बाहेर पडायला दोन रविवार उरले असताना ती जेवता जेवता थांबली. "मामा, एक सांगू? शेवटचा सगळा भाग आम्ही अकरा आठवड्यांत ओढलाय. गावातून वर धरणापर्यंत चढायचं असतं ना, तिथं सातशे घरं आहेत आणि सातशे दारं आहेत. एकही उघडत नाही. नुसती रंगवलेली आहेत. वेळच नव्हता. आवाजवाला म्हणत होता की सहा महिने थांबू या. कप्तानाने ऐकलं नाही." कप्तान म्हणजे टीमचा प्रमुख. आवाजवाला म्हणजे गेममधले सगळे आवाज करणारा, ट्रेमध्ये खडी पसरून स्वतः चालून पावलांचे आवाज टिपणारा अबोल माणूस.

"कुणाला कळणार आहे?" काका म्हणाले.

"आम्हा पाच जणांशिवाय कुणालाच नाही," खारू म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली. आपण पाचाचे सहा केले, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

गेम बाहेर पडायच्या आधीच काय त्याची हवा झाली होती म्हणून सांगू! दीड मिनिटाची झलक बघून लोकांनी लिहिलं, "वर्षातला सर्वोत्तम." गेम हाती नाही, खेळून पाहिलेला नाही, आणि सर्वोत्तम! एकाने पोस्टमनची टोपी शिवून घेतली. एकाने बॉसला आधीच सांगून टाकलं की त्या दिवशी मी आजारी पडणार आहे.

गेम आला त्या दिवशी एक वाजून दोन मिनिटांनी काकांनी कुलूप लावलं. दोन तास खेळले. पहिला भाग खरंच सुंदर होता. पाण्यावर पडलेलं ऊन, खिडकीतून खाली सोडलेल्या टोपल्या आणि खारूची ती पत्रं. एका म्हाताऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र वाचून काकांनी घासायच्या फडक्याने डोळे पुसले. मग मात्र त्यांनी घड्याळ बघितलं. पहिल्या दिवशी जो आधी लिहितो तो वर राहतो. उद्या लिहिणारा शेकड्यांच्या ढिगात गाडला जातो. शिवाय भाची आपली. उरलेला गेम नंतर खेळू म्हणून त्यांनी लिहून टाकलं: 'बुडालेल्या गावात मी आज पहिल्यांदा कोरडा राहिलो नाही. डोळे झाकून घ्या.'

आयुष्यभर लोकांचे डोळे तपासणाऱ्याने 'डोळे झाकून घ्या' लिहावं! आणि भाचीच्या कामाची स्तुती करतोय, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिथे प्रत्येक अभिप्रायाखाली 'पटलं' असं बटण असतं. संध्याकाळपर्यंत काकांच्या अभिप्रायाला दोन हजार 'पटलं' मिळाले. आठवड्याभरात सहा हजार. रविवारी खारू नाचतच आली. "मामा, दुपारचोर म्हणून एक आहे. फार मोठं नाव आहे. त्याने आमच्या गेमवर इतकं भारी लिहिलंय! कप्तानाने छापून भिंतीला लावलंय!"

"चोर? मग पोलिसात द्या की त्याला," काका म्हणाले. आणि पाठ फिरवून इतके खूश झाले की काकूंनी विचारलं, "अहो, एकटेच काय हसताय?"

हे सुख दहा दिवस टिकलं. कारण दहाव्या दिवसापर्यंत लोक धरणाच्या चढावर पोचले होते.

पहिल्यांदा एकाने लिहिलं, 'दारं उघडत नाहीत, माझ्याच कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे का?' दुसरा म्हणाला, माझीपण उघडत नाहीत. मग कुणीतरी सगळा चढ पालथा घातला आणि जाहीर केलं की एकही दार उघडत नाही, तीच तीन घरं पुन्हा पुन्हा लागतात आणि एकच पत्र चार जणांना जातं. झालं! ज्यांनी झलक बघून सर्वोत्तम ठरवलं होतं तेच सगळ्यात जास्त चवताळले. टोपीवाल्याने टोपीचा फोटो टाकला, कचऱ्याच्या डब्यात. पहिले सुंदर तीन भाग आता कुणाला आठवेनात. ऊनसुद्धा भडक वाटायला लागलं म्हणे.

आणि मग गर्दी दुपारचोराकडे वळली. 'डोळे झाकून घ्या म्हणालास, उघडल्यावर भिंत दिसली.' 'दोन तास खेळून शहाणपण शिकवतोस?' 'टीममध्ये कोण आहे रे तुझं?' शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, त्याने आपला हवेत दगड मारला होता. पण काकांच्या हातातली काच खाली पडून फुटली.

बारा वर्षांचं नाव. गल्लीत नसलेली, घरात नसलेली एकमेव इज्जत. तीन दुपारी काका शिव्या वाचत बसले. खेळायचं सुचेना. चौथ्या दुपारी त्यांनी आपला जुना अभिप्राय उघडला, मजकूर पुसला आणि त्याच जागी नवा लिहिला. नवा वेगळा लिहिला असता तर तो तळाशी पडला असता, कुणी वाचला नसता. जुन्या जागी लिहिलं की तो वरच राहतो आणि खालचे सहा हजार 'पटलं' जसेच्या तसे राहतात. म्हणजे स्तुतीला मान डोलावलेली सहा हजार माणसं आता निंदेला मान डोलावताना दिसणार. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं काकांनी पुढे दोघा-तिघांना सांगून पाहिलं. ठाऊक होतं.

नवा मजकूर झणझणीत होता. तरीही त्यांना तो फिका वाटला. लोकांना गप्प करायचं तर असं काहीतरी हवं होतं जे दुसऱ्या कुणाकडेच नाही. बोटं क्षणभर थांबली. मग त्यांनी लिहिलं: 'चार वर्षांच्या गेमचा शेवट अकरा आठवड्यांत उरकलाय, आणि तो तसाच दिसतो.'

संध्याकाळपर्यंत दुपारचोर पुन्हा लाडका झाला. 'चुकलो म्हणायला हिंमत लागते' असं एकाने लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं. रात्रीचं जेवण मात्र त्यांना गेलं नाही. काकूंनी पोट बिघडलं म्हणून नुसता भात दिला.

'अकरा आठवडे' ही शिवीच होऊन बसली. ज्याला त्याला ती फेकून मारता येऊ लागली. कप्तानाने कुठेही तोंड उघडलं की खाली ओळ हजर: 'अकरा आठवडे झाले का?' गेमची विक्री थांबली.

पुढच्या रविवारी खारू आली ती न नाचता. ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली.

"दुपारचोराला आतलं कुणीतरी सांगितलंय," ती म्हणाली. "अकरा आठवडे हे आम्हा पाच जणांनाच माहीत होतं. कप्तानाने सगळ्यांना एकेकटं बोलावून विचारलं."

काकांनी घास तोंडात धरून ठेवला.

"मी आवाजवाल्याचं नाव सांगितलं."

"काय?"

"मग कोण असणार, मामा? तोच थांबू या म्हणत होता. तोच चिडला होता. बाकी कुणाला काय पडलंय? कप्तानालाही तेच वाटत होतं, मी म्हटल्यावर पक्कं झालं. शुक्रवारी काढला त्याला. गेमच्या शेवटच्या नामावलीतून नावसुद्धा काढलं. तीन वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर बसायचा. जाताना माझ्याकडे बघितलंपण नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

"अगं, पण त्याने... म्हणजे पुरावा काय?" काकांना स्वतःचाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"पुरावा कसला? सहावं कोण आहे?"

सहावा समोर बसून भात कालवत होता. काकू म्हणाल्या, "अहो, तिला भाजी वाढा ना." त्यांनी वाढली. अर्धी टेबलावर सांडली.

त्या दिवसापासून काकांचा धंदा बिघडला. जवळचा नंबर लांबच्या काचेत, उजवी काच डाव्या डोळ्यात. एका मास्तरीणबाईंना तर त्यांनी नवऱ्याचा चष्मा दिला आणि वर "सवय होईल" असं सांगितलं. दुपारी ते मागच्या खोलीत बसायचे, पण कॉम्प्युटर बंदच असायचा. आपल्याला सगळं सांगायला पाहिजे हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि सांगितलं की काय जाईल हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं: दुपारचोर जाईल, आणि भाचीही जाईल.

मग त्यांनी घाबरट माणसाला सुचतो तो उपाय केला. खोट्या नावाने कप्तानाला मेल पाठवला: 'तुमच्या आवाजवाल्याने काहीही फोडलेलं नाही. तो निर्दोष आहे. कृपया त्याला परत घ्या.' खाली नाव नाही, गाव नाही. पाठवून काका मोकळे झाले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

रविवारी खारूने बातमी आणली. "मामा, कळस झाला. त्याने स्वतःच निनावी मेल पाठवलाय! मी निर्दोष आहे म्हणून! कप्तान म्हणाला, आता तर शंकाच उरली नाही. बाहेरच्या कुणाला त्याला काढल्याचं माहीतच नाहीये, मग मेल करील कोण?"

काका उठून मोरीत गेले आणि नळ सोडून पाच मिनिटं उभे राहिले.

इथवर कुणीही म्हणेल, गेला तो गेम, मेला बिचारा. पण खेळणाऱ्यांचं मन म्हणजे अजब प्रकरण आहे. तावातावाने भांडणारे आठ आठवड्यांत दुसऱ्या गेमवर भांडायला निघून गेले. मागे राहिले ते शांतपणे खेळणारे थोडे लोक. त्यांतल्या एका बाईने लिहिलं: 'चढावरच्या दारांना कान लावून बघा. घाई करू नका.'

लोकांनी कान लावले. प्रत्येक दारामागे वेगळा आवाज होता. एका घरात कुणी खोकत होतं, एका घरात भांडं घरंगळत होतं, एका घरात बाळाला थोपटत थोपटत कुणी स्वतःच झोपी जात होतं. सातशे दारं, सातशे घरं. आत काहीच बनवायला वेळ नाही म्हटल्यावर आवाजवाल्याने त्या अकरा आठवड्यांत एकट्याने हे करून ठेवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. लोक याद्या करू लागले. 'दार चारशे बारा ऐकलंत का?' 'मी तिथं तासभर बसलो.' जी दारं उघडत नाहीत म्हणून बोंब मारली होती, तीच आता लोकांना उघडायला नको होती. 'पहिल्यापासून मला आवडायचीच,' असं टोपीवालासुद्धा लिहून गेला. टोपी त्याने धुऊन घेतली असावी.

आता लोक विचारत होते की हे आवाज केले कुणी. आणि नामावलीत नाव नव्हतं.

काकांनी हे सगळं वाचलं. सत्तर-ऐंशी दारांना त्यांनीही कान लावला. मग हेडफोन काढून ठेवले, कारण त्यांना आणखी ऐकवेना.

त्या आठवड्यात खारू दुकानात आली. डोकं दुखतं, अक्षरं दोन दिसतात म्हणाली. काकांनी तिला खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची ती जड, गोल फ्रेम चढवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली.

"ही बरी की ही?"

"पहिली."

"आता ही बरी की ही?"

"सारख्याच. मामा, लोक आवाजवाल्याला शोधतायत. कप्तान म्हणतो, दगाबाज असला तरी कामाला तोड नव्हती. मला आता वाटतं..."

"खालची ओळ वाच."

"नाही दिसत. मला वाटतं की त्याने तरी असं का केलं असेल? इतकं जीव लावून कुणी करतं आणि मग..."

"त्याने नाही केलं," काका म्हणाले. हातात काच तशीच होती. "मी केलं. दुपारचोर मी आहे."

खारू हसली. "मामा, काहीतरीच!"

"'बुडालेल्या गावात मी आज पहिल्यांदा कोरडा राहिलो नाही.' भिंतीला लावलंयत ना? तुमच्या पहिल्या भागात म्हाताऱ्याचं जे पत्र आहे, त्यात तू बायकोच्या हरवलेल्या चपलेचं लिहिलंयस. ती चप्पल तुझ्या आजीची. मी गेली बारा वर्षं खेळतोय. अकरा आठवडे तू मला सांगितलेस, आणि मी लिहिले. तो मेलही माझाच."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या फ्रेममधून तिचे डोळे भलतेच मोठे दिसत होते, आणि काकांनाच बघवेना.

"ढिशुम ढिशुम असतं का गं," ती हळूच म्हणाली. "दर रविवारी विचारायचास."

"हो."

"मी तुझ्यावर हसायचे."

"हो."

"आणि तू माझ्यावर."

"नाही गं, तसं नाही..."

"मी त्याचं नाव घेतलं, मामा! मी! तू समोर बसून जेवत होतास. एक शब्द बोलला असतास तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन..." तिने फ्रेम काढून टेबलावर आपटली. एक काच निसटून खाली गेली. कुणीच ती उचलली नाही. "चल. आत्ताच्या आत्ता चल."

"दुकान..."

"पाटी आहे ना तुझी? लाव."

आवाजवाला आता लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड करणाऱ्या कंपनीत लागला होता. दोघं पोचली तेव्हा बाहेर लाल दिवा लागलेला होता. भिंतींना मऊ फोम लावलेल्या खोलीत काचेपलीकडे एक बाई माइकसमोर बसून म्हणत होती, "सातवा मजला. आठवा मजला." आवाजवाल्याने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायला सांगितलं. बावीस मजल्यांची इमारत होती. कबुली द्यायला आलेले काका बाविसाव्या मजल्यापर्यंत तोंड मिटून उभे राहिले.

दिवा विझला. काकांनी सांगून टाकलं. मध्ये दोनदा 'मला वाटलं नव्हतं' असं सुरू केलं, आणि खारूने पाहिल्यावर गिळलं.

आवाजवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "तो मेल," तो म्हणाला, "कप्तानाने मला दाखवला होता. म्हणाला, हे तूच लिहिलंस. मी लिहिला नव्हता. मग दोन महिने मी विचार करत होतो की माझ्यासाठी लिहिलं कुणी. वाटायचं, चला, त्या चार जणांत एक तरी आपला आहे." त्याने काकांकडे बघितलं. "तो एक म्हणजे तुम्ही."

काकांचं डोकं खाली गेलं ते वर आलंच नाही.

खारू म्हणाली, "चूक माझी जास्त आहे. मी तुझं नाव..."

"माहीत आहे. कप्तानाच्या केबिनला काच आहे. दिसत होतं. तू मला आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हणून सांगितलं असतं. विचारलं नाहीस, एवढंच." तो इतकं साधेपणाने म्हणाला की तिला रडता आलं नाही. मग तो काकांना म्हणाला, "कप्तानाला फोन लावा. इथे, माझ्यासमोर. आणि तुमचा तो अभिप्राय पुसू नका. पुसलात तर काही झालंच नव्हतं असं होईल. त्याच जागी खरं लिहा."

"तू परत जाशील?" खारूने विचारलं.

"नाही. नाव तेवढं परत घाला." त्याने घड्याळ बघितलं. "मला आता तळघराच्या सूचना घ्यायच्यात."

काकांनी फोन लावला. कप्तान काय काय बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. काका सगळं ऐकून शेवटी फक्त "खरं आहे" म्हणाले.

चार वाजता दुकान उघडलंच नाही. त्या दुपारी काकांनी तिसऱ्यांदा त्याच जागेवर लिहिलं. या वेळी एकही कोटी सुचली नाही आणि सुचवूनही घेतली नाही. मी चष्म्याचा दुकानदार, गेमची लेखिका माझी भाची, पहिला अभिप्राय दोन तास खेळून लिहिला, दुसरा स्वतःची अब्रू वाचवायला. अकरा आठवडे हे तिने जेवताना मला सांगितलं होतं. आवाज करणाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही, उलट त्या चढावर ऐकण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्याचं आहे. खाली सहा हजारांवर 'पटलं' अजूनही तसेच होते. त्यांतले किती स्तुतीला होते आणि किती निंदेला, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कबुलीनंतर मात्र त्यांत फारशी भर पडली नाही. शिव्या भरपूर पडल्या. काकांनी सगळ्या वाचल्या आणि एकीलाही उत्तर दिलं नाही. चाळीस हजारांतले बरेच जण निघून गेले.

काकूंना सांगताना सगळ्यात जास्त घाम फुटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बारा वर्षं काचा घासत कधी होतात?"

"सकाळी. लवकर जाऊन."

"आणि मी म्हणायची, बिचारे दुपारचेसुद्धा राबतात. डबा गरम करून पाठवायची." एवढंच बोलून त्या आत गेल्या. आता डबा जातो, पण गारच जातो.

नामावलीत आवाजवाल्याचं नाव परत आलं. गेम बऱ्यापैकी खपला. खारू महिनाभर आली नाही. तिची आई फोनवर भावाला म्हणाली, "काय बोलू तुला? दादा म्हणायचीसुद्धा लाज वाटते." तरी एका रविवारी खारू आली. मामीने बोलावलं म्हणून आली, हे तिने दारातच सांगितलं.

जेवणं सुरू झाली. काकांनी दोनदा घसा खाकरला. ढिशुमचा प्रश्न आता विचारता येणार नव्हता. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट विचारलं, कळणाऱ्या माणसासारखं, "नव्या गेमला सुरुवात केलीत का? गोष्ट तूच लिहितेयस?"

खारूने मान वर केली. सांगावंसं तिला वाटलं असावं, ओठ हललेही.

"चाललंय काहीतरी," ती म्हणाली, आणि वाटी मामीकडे सरकवून म्हणाली, "मामी, भाजी छान झालीय. कशी केलीस?"

मामी सांगू लागली. खारू लक्ष देऊन ऐकत राहिली, मधे मधे बारीकसारीक विचारत राहिली. काका पानावर मान घालून जेवत होते.